कामगारमंत्र्यांना खुले पत्र : अपघाताचा अहवाल कारखान्यापर्यंत पोहोचू द्या

माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



हे पत्र एका मागणीसाठी लिहितो आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो. राज्यातल्या रासायनिक कारखान्यात माणूस दगावला, तर त्या अपघाताचा तांत्रिक चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत, मराठीत आणि हिंदीत, कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा. भरपाई, गुन्हा, अटक, कारखान्यांचे स्थलांतर हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. अहवालाबद्दल मात्र स्फोटानंतरच्या आठवड्यातही फारसे कोणी बोलत नाही. पुढचा अपघात अडवण्याची ताकद सगळ्यांत जास्त त्याच कागदांत आहे, असे माझे ठाम मत आहे.

रंगांची आणि औषधांची इंटरमीजिएट बनवणाऱ्या कारखान्यांत माझी नोकरी झाली, बरीचशी शिफ्ट इन्चार्ज म्हणून. त्यामुळे जे लिहितो आहे ते रिअ‍ॅक्टरच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहून दिसते तसे लिहितो आहे.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसर-तारापूरला स्फोट झाला. २० मार्च २०२१ रोजी लोटे-परशुरामला. त्याच वर्षी ७ जूनला पुण्याजवळ पिरंगुट भागात आग लागली आणि तिथे मेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडला स्फोट होऊन ११ कामगार आत अडकले आणि गेले. २३ मे २०२४ रोजी पुन्हा डोंबिवली. ही पूर्ण यादी नाही, केवळ आठवणारी नावे आहेत.

आता माझा प्रश्न असा. महाडच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात कालच लागलेल्या ऑपरेटरला वरच्यापैकी एखाद्या अपघातात नेमके काय झाले हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याने काय वाचायचे? मेलेल्यांचा आकडा त्याला वर्तमानपत्रात मिळेल. कोणत्या भांड्यात कोणता माल होता, आधी काय घातले, मग काय घातले, तापमान कधी चढू लागले, थंड करणारी यंत्रणा चालू होती का, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला का, ते पाहून कोणी काय केले, हे त्याला कुठे मिळेल? त्याच्या कामाची माहिती तेवढीच आहे, आणि तीच त्याच्या हाती येत नाही.

२०२४च्या डोंबिवली स्फोटाच्या पहिल्या बातम्यांत बॉयलर फुटल्याचे आले आणि नंतर रिअ‍ॅक्टर फुटल्याचे. वाचणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण माझ्या दृष्टीने सगळे त्यातच आहे. बॉयलरमध्ये पाणी असते आणि त्याची वाफ होते. बॉयलरसाठी आपल्याकडे १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता, स्वतंत्र निरीक्षक आहेत, दाखला आहे. रिअ‍ॅक्टरची तपासणीही होते. सक्षम व्यक्ती येते, पत्र्याची जाडी मोजते, दाबाची चाचणी घेते, सही करते. पण ती तपासणी भांड्याची. भांड्यात काय शिजते, ते किती उष्णता सोडते, थंड पाणी बंद पडले तर किती मिनिटांत ते हाताबाहेर जाईल, हे कोण तपासते? मोठ्या कंपन्यांत त्यासाठी कॅलरीमीटर असतात, तज्ज्ञ असतात. छोट्या कारखान्यात बहुतेक वेळा कोणीच तपासत नाही.

उष्णतेचे हे गणित अवघड नाही, आपल्यासारख्या बिगर-रसायन माणसालाही कळेल असे आहे. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे उष्णता निर्माण होण्याचा वेग पटीपटीने चढतो. उलट, रिअ‍ॅक्टरच्या भोवतीच्या जॅकेटमधले ब्राइन किंवा पाणी उष्णता काढून नेते ते तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, सरळ चालीने. एका क्षणी पहिला वेग दुसऱ्याच्या पुढे जातो, आणि तिथून पुढे ब्राइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही काही होत नाही. यात आणखी एक मेख आहे. प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या फ्लास्कमधली कृती हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेली, की आतला माल हजारपट होतो, पण ज्या भिंतीतून उष्णता बाहेर पडायची ती भिंत शंभरपटच वाढते. दर लिटरमागे थंडावा दहाव्या हिश्शावर येतो. फ्लास्कमध्ये शहाण्यासारखी वागलेली कृती भांड्यात तशीच वागेल असे मानणे इथेच घातक ठरते.

एक उदाहरण देतो, कारण माझ्या मागणीचे मूळ त्यात आहे. एका कारखान्यात नायट्रेशनची बॅच चालू होती. रात्रपाळी. मिश्र आम्ल वरच्या टाकीतून थेंबाथेंबाने रिअ‍ॅक्टरमध्ये पडत होते. मध्येच वीज गेली. ब्राइनचा पंप जनरेटरवर होता, तो लगेच सुरू झाला. माल ढवळणारा स्टरर जनरेटरवर नव्हता, तो थांबला. आम्ल मात्र गुरुत्वाकर्षणाने येतच राहिले. ते कोणाच्या ध्यानात येऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत काही मिनिटे गेली. वीज परत आली तेव्हा हेल्पर स्टररचे बटण दाबायला निघाला. इतका वेळ न ढवळलेला माल, म्हणजे पहिला विचार तोच येणार. आमच्यातल्या एका वयस्क ऑपरेटरने त्याचा हात धरला. म्हणाला, "हात लावू नको. खाली आम्ल साठलंय. आता फिरवलंस तर सगळं एकदम पेटंल." ब्राइन चालू ठेवून आम्ही थांबलो. सकाळी केमिस्ट आल्यावर, तापमान पाहत, स्टरर क्षणभर फिरवायचा आणि थांबवायचा, असे करत ती बॅच सावकाश मार्गी लावली.

त्याला हे कुठून ठाऊक होते? कारखान्याच्या कोणत्याही सूचनापत्रकात ते नव्हते. त्याचे मेहुणे पूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तिथे असेच स्टरर बंद पडून पुन्हा चालू केल्यावर रिअ‍ॅक्टरचे झाकण उडाले होते. घरातल्या एका कार्याच्या पंगतीत ऐकलेली ती हकीकत त्या रात्री आमच्या उपयोगी पडली.

मंत्रिमहोदय, आपल्या राज्यातले सुरक्षेचे ज्ञान अजून असेच प्रवास करते, एका माणसाकडून दुसऱ्याकडे, ऐकीव. एक काळ ते थोडेफार चालून गेले, कारण कामगार कायम होते. एकाच प्लँटवर वीस-वीस वर्षे काढलेला माणूस शिफ्टमध्ये असायचा आणि नवा मुलगा त्याच्या हाताखाली तयार व्हायचा. आता ठेकेदाराचा हेल्पर तीन-चार महिन्यांत बदलतो. तो झारखंडहून आलेला असतो, ओडिशातून आलेला असतो, नांदेड-परभणीकडून आलेला असतो. ड्रमवरचे लेबल इंग्रजीत, सेफ्टी डेटा शीट इंग्रजीत. त्याला हेल्मेट मिळते, बूट मिळतात, गॉगल मिळतो. ते मिळायलाच हवेत, पण रिअ‍ॅक्टर फुटतो तेव्हा गॉगल कामाचा नसतो. त्याला हवी आहे ती वयस्क ऑपरेटरकडची धोक्याची ओळख, आणि तशी माणसे निवृत्त होऊन घरी बसली आहेत. त्यांची जागा अहवालच घेऊ शकतात.

अहवाल कसा असावा, याचा एक नमुना सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण कारखाना आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या प्लॉटवर शोभेल इतका छोटा. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाची कंपनी पेट्रोलमध्ये मिसळायचे एक रसायन बनवत होती. १९ डिसेंबर २००७ रोजी दुपारी ऑपरेटरने मालकांना फोन करून सांगितले की थंड करण्यात काहीतरी बिघाड आहे. ते परत आले. १ वाजून ३३ मिनिटांनी रिअ‍ॅक्टर फुटला. चौघे गेले, त्यांत एक मालक स्वतः होता, शिकलेला केमिकल इंजिनिअर. ३२ जण जखमी झाले, त्यांतले २८ आजूबाजूच्या धंद्यांत काम करणारे, ज्यांचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता. डोंबिवलीकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिथे केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची केंद्रीय संस्था आहे. १९९० च्या कायद्याने तिची तरतूद झाली आणि १९९८ पासून ती काम करते. तिला दंड करण्याचा अधिकार नाही. तिचे काम एवढेच की अपघात का झाला ते शोधायचे आणि जगाला सांगायचे. तिने शोधले ते असे. मूळ क्रियेत सोडियम धातू आणि एक विद्रावक वापरला जात होता. ठरावीक तापमानाच्या वर, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, तेच सोडियम आणि तोच विद्रावक यांच्यात दुसरी, पहिल्यापेक्षा कितीतरी उग्र क्रिया सुरू होते. ती मालकांना ठाऊक नव्हती. थंड करायला शहराच्या नळाचे पाणी होते आणि ते बंद पडले तर दुसरी सोय नव्हती. दाब सोडणारी रप्चर डिस्क होती, पण ती फार वरच्या दाबाला फाटेल अशी बसवली होती. तीच खूप खालच्या दाबाला फाटली असती, तर भांडे वाचले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे : पहिल्या दहा बॅचेसपैकी तीन बॅचेसमध्ये तापमान अनपेक्षित चढले होते. इशारा मिळाला होता. फुटली ती १७५वी बॅच.

हे सगळे आज कोणालाही फुकट वाचायला मिळते. त्यावर चित्रफीतही आहे. जगभरच्या इंजिनिअरांच्या पिढ्या ती पाहून शिकत आहेत. त्या बोर्डाने तिथल्या व्यावसायिक संस्थांना सांगितले, की केमिकल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात अशा क्रियांचे धोके शिकवा. चार माणसांच्या मृत्यूतून अभ्यासक्रमाचा विषय निघाला. आपण प्रोबेसमधून काय शिकवतो आहोत? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना फ्लोरिडातला स्फोट तपशीलवार सांगता येतो आणि डोंबिवलीतला येत नाही. मला याचे मनापासून दुःख होते.

यासाठी नवा कायदा करावा लागेल असे कोणी सांगेल. मी त्यांना १९४८च्या कारखाना अधिनियमातले कलम ९० दाखवीन. कारखान्यातल्या अपघाताची चौकशी करायला राज्य सरकार सक्षम व्यक्ती नेमू शकते, तिला दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार असतात, आणि तो अहवाल किंवा त्यातले उतारे सरकारला योग्य वाटल्यास प्रसिद्ध करता येतात, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे स्वातंत्र्यानंतर लवकरच हा अधिकार सरकारच्या हाती आला. तो ऐच्छिक ठेवला, एवढेच. त्या अधिनियमाची जागा २०२५ मध्ये २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या राज्याच्या नियमांत ही गोष्ट बंधनकारक करण्याची संधी आपल्यापुढे आहे.

भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये त्याच १९४८च्या अधिनियमात मोठी भर पडली. घातक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण आले. धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचाही मिळाला. फार मोलाचे हक्क आहेत हे. पण धोका दिसण्यासाठी तो आधी ओळखता यावा लागतो. भोपाळच्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला होता. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी येऊन त्रुटी नोंदवल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षापासून आपल्या शहराला सावध करत लिहीत होते. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र येण्याआधी ही एवढी चिन्हे होती. तज्ज्ञांच्या त्या नोंदी तेव्हा कारखान्याभोवतीच्या वस्तीत वाचल्या गेल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

आपल्या देशाला अहवाल प्रसिद्ध करण्याची सवय नाही, असेही नाही. विमान अपघात अन्वेषण ब्युरो आपले अहवाल लोकांसमोर ठेवतो. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड विमान अपघाताचा सविस्तर अहवाल पुढच्याच वर्षी आला. वैमानिकाने काय केले, धावपट्टी कशी होती, सगळे त्यात आहे. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याचा अपघात त्यानेच चौकशी करू नये, हे त्यामागचे तत्त्व. आकाशात आणि रुळांवर जे आपण मान्य केले, ते एमआयडीसीच्या कुंपणाआत अमान्य का असावे?

मालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, त्यांच्यासोबत आयुष्य गेले आहे. पहिला आक्षेप, धंद्याचे गुपित फुटेल. कृतीतले नेमके प्रमाण, उत्प्रेरक, ग्राहकाचे नाव हे झाकून अहवाल लिहिता येतो. थंड पाणी बंद पडले हे कोणाचेही गुपित नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : अहवालातले प्रत्येक वाक्य न्यायालयात आमच्याविरुद्ध वापरले जाईल, म्हणून कोणी खरे बोलणार नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच दोन चौकशा वेगळ्या हव्यात. पोलिसांनी आणि कारखाना निरीक्षकांनी दोष ठरवावा, खटला भरावा. तांत्रिक चौकशीने फक्त कारण शोधावे. अमेरिकेतल्या त्या बोर्डाचे निष्कर्ष भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत, अशी कायद्यातच सोय आहे. मालकाला शिक्षा व्हावी की नाही यावर माझे मत कडक आहे, पण त्यासाठी कारण दडून राहावे, हे मला मान्य नाही.

राहिला स्थलांतराचा विषय. डोंबिवलीत प्रत्येक स्फोटानंतर धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. रहिवाशांची भीती रास्त आहे, घरांना चिकटून असे कारखाने नकोतच. पण रिअ‍ॅक्टर तोच, बॅच तीच आणि अज्ञान तेच घेऊन कारखाना पन्नास किलोमीटरवर गेला, तर तिथल्या शिफ्टमधली माणसे तितकीच असुरक्षित राहतील. फक्त त्यांच्या आजूबाजूला मतदार कमी असतील.

स्फोटाची बातमी तरी होते. टाकीत उतरून मेलेल्यांची दोन ओळींची होते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे लिहितो. आग लागू नये म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत प्राणवायू जवळपास २१ टक्के असतो. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला की माणूस कोसळतो, आणि अगदीच थोडा उरला असेल तर दोन श्वासांत. त्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. मॅनहोलमधून आत वाकलेला एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकमेकांवरच्या प्रेमाने माणसे मरतात. उतरण्याआधी मीटरने हवा मोजणे, सगळ्या पाइपांना ब्लाइंड मारून ते बंद करणे, बाहेर दोरी धरून माणूस उभा ठेवणे आणि श्वसनयंत्राशिवाय कोणीही मागोमाग न उतरणे, एवढ्याने हे मृत्यू टळतात. अशा एका मृत्यूचा अहवाल एका पानाचा होईल. ते पान राज्यातल्या प्रत्येक रासायनिक कारखान्याच्या गेटवर लागले पाहिजे.

मृत्यू न झालेल्या घटनाही मोजल्या पाहिजेत. आमची ती रात्रपाळी कोणत्याही नोंदवहीत आली नाही, कारण काहीच घडले नाही. तापमान अवचित चढले आणि उतरले, डिस्क फाटली पण आग लागली नाही, इंटरलॉक बायपास करून बॅच पूर्ण केली, अशा गोष्टी शिफ्टच्या लॉगशीटवरच विरून जातात. त्या नाव न सांगता कळवता येतील अशी व्यवस्था औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने उभी करावी, आणि कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही याची लेखी हमी द्यावी. हमी नसेल तर एकही कागद येणार नाही, हे मी आजच सांगू शकतो.

खर्चाचा विचार केला तर हे फार स्वस्त काम आहे. संचालनालयात रसायनाची जाण असलेले चौकशी अधिकारी कमी आहेत. ते वाढवावे लागतील, आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांची मदत घेता येईल. कॅलरीमीटरच्या चाचण्यांसाठी छोट्या कारखानदारांना एकत्रित सोय करून देता येईल. एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटना त्यासाठी पैसे भरतील, असे मला वाटते. त्यांच्यापैकी अनेकांना रात्री झोप लागत नाही, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे.

सुरुवात जुन्या अहवालांपासून व्हावी. गेल्या दहा वर्षांत झालेल्या चौकशांचे जे अहवाल सरकारदरबारी आहेत, ते व्यक्तींची नावे वगळून संचालनालयाच्या संकेतस्थळावर टाकावेत. प्रत्येकाचा दोन पानांचा सारांश सोप्या मराठीत आणि हिंदीत करावा आणि घातक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्याने तो वाचून दाखवल्याची नोंद ठेवावी. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी सगळीकडे शपथ घेतली जाते. त्या दिवशी शपथेनंतर अर्धा तास एक अहवाल मोठ्याने वाचला जावा. तोही जनरल शिफ्टपुरता नव्हे, तिन्ही पाळ्यांत, आणि ठेकेदाराच्या माणसांना बाहेर न ठेवता. पुढच्या ४ मार्चपूर्वी पहिले चार-पाच अहवाल तयार होणे अवघड नाही. ते साध्या भाषेत लिहायला निवृत्त ऑपरेटर आणि केमिस्ट लागले, तर आमच्यासारखे कितीतरी जण विनामोबदला येतील. मी त्यांच्यापैकी काहींशी बोललो आहे आणि त्यांच्या वतीनेही हे पत्र लिहितो आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज
डोंबिवली (पूर्व)